राहतो जर्सीत, कर न्यू यॉर्कला

जानेवारीच्या शेवटी ऑफिसकडून डब्ल्यू-२ येतो. आपल्याकडच्या फॉर्म १६ चा हा अमेरिकन भाऊ. त्यातला वरचा भाग फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कराचा, तो कुणालाही कळतो. घोळ खाली, १५, १६ आणि १७ नंबरच्या चौकटींत असतो. १५ मध्ये राज्याचं नाव, १६ मध्ये त्या राज्याचा पगार, १७ मध्ये त्या राज्यासाठी कापलेला कर. मी राहते न्यू जर्सीत, एडिसनला, आणि काम करते मॅनहॅटनमध्ये. त्यामुळे माझ्या डब्ल्यू-२ वर तिथे दोन ओळी असतात. एक एनवाय, एक एनजे. आणि दोन्ही ओळींत जवळजवळ पूर्ण वर्षाचा पगार लिहिलेला असतो.

हा कागद पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की आपला पगार दोनदा धरलाय. तसं नसतं. न्यू यॉर्कचा नियमच असा आहे की तिथे वर्षात कधीही पगार मिळाला असेल, तर मालकाने १६ नंबरच्या चौकटीत फेडरलचा पूर्ण आकडा लिहायचा. त्यातला किती पगार खरोखर न्यू यॉर्कचा, हे आपण रिटर्नमध्ये दाखवायचं. सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यू-२ भरताना म्हणूनच सावध राहावं. दोन्ही राज्यांचे आकडे जसेच्या तसे टाकून पुढे गेलं, तर न्यू यॉर्कला सगळा पगार जातो आणि एकही दिवस वजा होत नाही.

महाराष्ट्रात नोकरी केलेल्या माणसाला राज्य सरकारचा प्राप्तिकर ही कल्पनाच नवी असते. आपल्या पगारातून राज्य घेतं तो व्यवसाय कर, महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. तो परस्पर कापला जातो आणि कोणी त्याबद्दल दुसऱ्यांदा विचार करत नाही. इथे राज्याचा कर हजारोंत जातो, त्याचं वेगळं रिटर्न असतं, वेगळे स्लॅब असतात आणि वेगळा हट्ट असतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण नव्याने आलेल्या प्रत्येकाची गाडी इथे अडते. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेला माणूस फेडरल करासाठी बहुतेक वेळा रेसिडेंट, म्हणजे रहिवासीच असतो, नॉनरेसिडेंटचा १०४०-एनआर फॉर्म त्याला लागत नाही. भारतात त्याच माणसाला एनआरआय म्हणतात. आणि न्यू यॉर्कसाठी तो नॉनरेसिडेंट. या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. न्यू यॉर्कच्या दृष्टीने अमेरिकेत जन्मलेला, जर्सीत राहणारा गोरा माणूसही नॉनरेसिडेंटच. व्हिसाचा, ग्रीन कार्डाचा इथे प्रश्नच येत नाही. राहतं घर कुठे आहे, हे बघितलं जातं (एक अपवाद आहे, तो पुढे येईल).

न्यू यॉर्कला आपल्या पगारावर कर घ्यायचा हक्क कुठून आला, असं मला वाटायचं. मत मी तिथे देत नाही, मुलं तिथल्या शाळेत जात नाहीत. उत्तर जुनं आहे. न्यू यॉर्कने प्राप्तिकर १९१९ मध्ये सुरू केला आणि १९२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. ओक्लाहोमाच्या खटल्यात सांगितलं की परराज्यातल्या माणसाने आमच्या राज्यात कमावलेल्या पैशावर राज्य कर घेऊ शकतं. दुसऱ्यात खुद्द न्यू यॉर्कलाच सुनावलं की स्वतःच्या रहिवाशांना सूट देता आणि बाहेरून कामाला येणाऱ्यांना देत नाही, हे चालणार नाही. तेव्हापासून हक्क मान्य, पण भेदभाव नाही. बाहेर राहणाऱ्यांनी न्यू यॉर्कला भरायचा आजचा फॉर्म आयटी-२०३ या चौकटीतच बसतो.

सगळीकडे असंच आहे असंही नाही. आमच्या ओळखीतल्या एक ताई प्लेन्सबरोला राहतात आणि पेनसिल्व्हेनियात न्यूटाउनला कामाला जातात. नदी ओलांडली की दुसरं राज्य. पण न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांचा १९७७ पासून करार आहे. पगारावरचा कर फक्त राहत्या राज्याने घ्यायचा. ताईंनी ऑफिसात आरईव्ही-४१९ नावाचा फॉर्म दिला, मालक परस्पर जर्सीचा कर कापतो आणि त्यांना पेनसिल्व्हेनियाचं रिटर्नच भरावं लागत नाही. (फिलाडेल्फिया शहरात नोकरी असेल तर शहराचा वेज टॅक्स, म्हणजे पगारावरचा कर, मात्र सुटत नाही.) न्यू यॉर्कशी असा करार नाही. हडसन नदी ओलांडून न्यू यॉर्कला जाणाऱ्याला दोन रिटर्न चुकत नाहीत.

दोन रिटर्न भरायची, तर आधी कुठलं? आधी न्यू यॉर्कचं, मग जर्सीचं. हा क्रम उलटा करू नये. जर्सीच्या रिटर्नमध्ये न्यू यॉर्कला दिलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे जर्सीच्या करातून सूट, मिळतं आणि तो आकडा न्यू यॉर्कचं रिटर्न पूर्ण झाल्याशिवाय हाती येत नाही. एक गोष्ट इथे नीट लक्षात ठेवा. क्रेडिट मिळतं ते रिटर्नमध्ये ठरलेल्या कराचं, डब्ल्यू-२ च्या १७ नंबरच्या चौकटीत कापलेल्या रकमेचं नाही. कापलेलं जास्त असेल तर ते न्यू यॉर्क रिफंड म्हणून परत करतं, मग त्याचं क्रेडिट जर्सी कशाला देईल?

आता आयटी-२०३. या फॉर्ममध्ये उत्पन्नाच्या प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने असतात. डावीकडे फेडरल, उजवीकडे न्यू यॉर्क. डाव्या रकान्यात घरातलं सगळं उत्पन्न जातं. माझा पगार, नवऱ्याचा पगार, इथल्या बँकेचं व्याज, पुण्यातल्या एनआरई ठेवीचं (एनआरआयने परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) व्याजसुद्धा (भारतात ते करमुक्त असलं तरी अमेरिकेत नाही). उजव्या रकान्यात फक्त न्यू यॉर्कमध्ये कमावलेलं.

नवरा पिस्कॅटवेला नोकरी करतो. वर्षभरात न्यू यॉर्कला गेलाच तर पाहुण्यांना टाइम्स स्क्वेअर दाखवायला. त्याचा पगार डाव्या रकान्यात बघून तो म्हणाला, "अगं, माझा पगार त्यांच्या फॉर्मवर कशाला? मी तिथे एक डॉलर कमावलेला नाही."

प्रश्न रास्त आहे. फेडरल रिटर्न जोडीने भरलं असेल आणि दोघंही न्यू यॉर्कबाहेरचे असतील, तर न्यू यॉर्कचंही जोडीनेच भरावं लागतं, मग कमावणारा एकटाच का असेना. सही दोघांची. उजव्या रकान्यात त्याच्या पगारापुढे शून्य येतं. पण डावीकडचा आकडा वाया जात नाही, त्यावरून कराचा दर ठरतो.

न्यू यॉर्क करतं ते असं. तुम्ही वर्षभर न्यू यॉर्कचेच रहिवासी आहात असं समजून तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर काढतं. मग उजव्या रकान्याची बेरीज भागिले डाव्या रकान्याची बेरीज असा अपूर्णांक काढतं, चार दशांश स्थळांपर्यंत. आणि त्या अपूर्णांकाने कराला गुणतं. महावितरणच्या बिलात सगळ्या घराचे युनिट मिळून स्लॅब ठरावा आणि तुमच्याकडून फक्त तुमच्या खोलीतल्या पंख्याचे पैसे त्या वरच्या दराने घ्यावेत, तसं. नवऱ्याच्या पगाराला न्यू यॉर्क हात लावत नाही, पण तो पगार माझ्या पगाराला वरच्या स्लॅबमध्ये नेऊन बसवतो.

माझे आकडे बाजूला ठेवून गोल आकडे घेते. समजा बायकोचा न्यू यॉर्कच्या नोकरीतला पगार १,२५,००० डॉलर, नवऱ्याचा जर्सीतला ७०,००० आणि व्याज ५,०००. घराचं एकूण २,००,०००. एवढ्या उत्पन्नावर जोडीने भरणाऱ्या न्यू यॉर्कच्या रहिवाशाला राज्याचा कर साधारण १०,८०० डॉलर येईल असं धरू. आता यातला किती भाग न्यू यॉर्कचा, हे ठरवायला बायकोच्या पगाराची फोड करावी लागते. ती होते आयटी-२०३-बी या जोडपत्राच्या शेड्यूल ए मध्ये, आणि सगळ्या रिटर्नमध्ये मला सर्वांत जास्त वेळ लागतो तो याच पानाला.

पान साधं दिसतं. वर्षाचे दिवस ३६५ लिहा. त्यातून शनिवार-रविवार वजा, सुट्ट्या वजा, आजारपणाची रजा वजा, हक्काची रजा वजा, इतर काम न केलेले दिवस वजा. उरले ते कामाचे दिवस. समजा २२५. पुढची ओळ विचारते, यातले किती दिवस न्यू यॉर्कच्या बाहेर काम केलं? आठवड्यातून दोन दिवस घरून काम आणि वर्षात थोडे दिवस ऑफिसने दुसऱ्या राज्यात पाठवलं, असे मिळून समजा ९०. इथपर्यंत लिहिताना बरं वाटतं. ९० दिवस न्यू यॉर्कच्या तावडीतून सुटले.

आणि मग येते ओळ १जे. त्या ९० पैकी घरून काम केलेले दिवस किती? समजा ८१. ते वजा करा. उरले ९. न्यू यॉर्कबाहेरचे म्हणून मोजले जातात ते हे नऊच. बाकीचे २१६ दिवस तुम्ही न्यू यॉर्कमध्ये काम केलं असं धरायचं, मग त्यातले ८१ दिवस तुम्ही एडिसनच्या घरात डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेल्या असाल तरीही. २१६ भागिले २२५, म्हणजे ९६ टक्के. १,२५,००० चे ९६ टक्के १,२०,०००. उजव्या रकान्यात हा आकडा जातो. घराच्या दोन लाखांपैकी १,२०,००० म्हणजे ६० टक्के, आणि १०,८०० चे ६० टक्के ६,४८०. हा झाला न्यू यॉर्कचा कर.

घरचे दिवस परत ओढून घेणाऱ्या या नियमाला कन्व्हीनियन्स रूल, म्हणजे सोयीचा नियम, म्हणतात. तुम्ही न्यू यॉर्कबाहेर काम केलं ते मालकाच्या गरजेपोटी, की तुमच्या सोयीसाठी? मालकाने शिकागोच्या ग्राहकाकडे पाठवलं, तर गरज. तुमचं नेहमीचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये आहे आणि तुम्ही घरून काम केलं, तर सोय, आणि सोयीचा दिवस न्यू यॉर्कचा. घराला मालकाचं खरंखुरं कार्यालय म्हणून मान्यता मिळवता येते. त्यासाठीच्या कसोट्या राज्याने २००६ च्या एका परिपत्रकात दिल्या आहेत, पण त्या साध्या नोकरदाराच्या घराला सहसा लागू पडत नाहीत. घरात प्रयोगशाळेसारखी एखादी खास सोय असावी आणि ती ऑफिसात उपलब्ध नसावी, अशा धर्तीच्या त्या आहेत. ऑफिसमधलं टेबल तुमच्यासाठी रिकामं असेल, तर विषय संपला.

आपल्या लोकांना यातून एक वेगळाच प्रश्न पडतो. डिसेंबरमध्ये पुण्याला आईकडे गेलं, रजा संपली आणि पुढचे दोन आठवडे तिथूनच काम केलं. हे दिवस तरी न्यू यॉर्कबाहेरचे ना? नाही. मालकाने सांगितलं नव्हतं, आपल्या सोयीने राहिलो, म्हणून ते न्यू यॉर्कचेच. कोथरूडमध्ये बसून रात्री केलेलं काम कागदोपत्री मॅनहॅटनमध्ये होतं. पण कंपनीने स्वतःच्या कामासाठी पुण्याच्या कार्यालयात पाठवलं असेल, तर ते दिवस बाहेरचे. त्यासाठी ऑफिसचा मेल, प्रवासखर्चाची पावती, विमानाचं तिकीट जपून ठेवावं. मी कॅलेंडरवर रोजच्या रोज एक अक्षर टाकते, ऑफिसला ऑ, घरून घ, दौऱ्यावर दौ, रजेला र. एप्रिलमध्ये बसून मागच्या वर्षीचा मार्च आठवायचा म्हटलं तर कुणालाही आठवणार नाही. राज्याने पुरावा मागितला, तर तारखेवार नोंद आणि तिच्या जोडीला कागद, हेच उपयोगी पडतं.

न्यू यॉर्कच्या फॉर्मवर आणखी एक प्रश्न असतो. वर्षात तुमची न्यू यॉर्क राज्यात राहायची जागा होती का? होय-नाही एवढंच उत्तर, पण विचार करून द्यावं. वर्षभर वापरता येईल अशी कायमची जागा तिथे असेल आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तुम्ही तिथे असाल, तर घर जर्सीत असूनही न्यू यॉर्क तुम्हाला रहिवासी धरतं. दिवसाचा एखादा तासही पूर्ण दिवस मोजला जातो. रोज ऑफिसला जाणाऱ्याचे १८३ दिवस सहज भरतात. जागा शहरात असेल तर वर न्यू यॉर्क शहराचाही कर. ट्रेनचा कंटाळा आला म्हणून क्वीन्समध्ये आठवड्यातले चार दिवस राहायला खोली घेण्याचा विचार करणाऱ्यांनी भाड्यासोबत हेही गणित मांडावं. बाहेर राहणाऱ्यांना शहराचा कर आता नाही. पूर्वी पगाराच्या ०.४५ टक्के घेत, ते १९९९ मध्ये संपलं.

आता घरचं राज्य. न्यू जर्सीचं रिटर्न एनजे-१०४०. रहिवासी असल्यामुळे जर्सी आपलं सगळं उत्पन्न बघते, मग ते कुठल्याही राज्यातलं किंवा देशातलं असो. जर्सीचा पगार फेडरलच्या पगाराएवढाच असेल असं समजू नका. ४०१(के) या निवृत्तीच्या बचतीत घातलेले पैसे जर्सी सोडते, पण ऑफिसमार्फत एचएसए मध्ये, म्हणजे औषधपाण्यासाठीच्या बचत खात्यात, गेलेले पैसे सोडत नाही, ४०३(बी) या शाळा-संस्थांच्या निवृत्ती योजनेचेही नाही. त्यामुळे एनजेच्या ओळीतला १६ नंबरचा आकडा एनवायच्या आकड्यापेक्षा थोडा मोठा दिसू शकतो. बरोबर असतो तो.

गोल आकड्यांवर परत येऊ. दोन लाखांवर जर्सीचा कर समजा ८,६०० आला. मग क्रेडिटसाठी एनजे-सीओजे हे शेड्यूल. त्यात पुन्हा एक अपूर्णांक. दोन्ही राज्यांनी कर लावलेलं उत्पन्न १,२०,००० भागिले जर्सीचं एकूण उत्पन्न २,००,०००, म्हणजे ६० टक्के. जर्सीच्या कराचे ६० टक्के म्हणजे ५,१६०. जास्तीत जास्त क्रेडिट एवढंच. न्यू यॉर्कला आपण दिले ६,४८०, पण जर्सी म्हणते, त्या उत्पन्नावर आमच्याकडे जेवढा कर झाला असता तेवढंच सोडू, दुसऱ्याच्या चढ्या दराची भरपाई आम्ही करणार नाही. मग जर्सीला देणं उरलं ३,४४०. दोन्ही मिळून ९,९२०. हेच कुटुंब पूर्णपणे जर्सीत कामाला असतं तर ८,६०० मध्ये सुटलं असतं. वरचे १,३२० डॉलर ही नदी ओलांडायची किंमत, दर महिन्याच्या ट्रेनच्या पासावर वेगळी.

"दोनदा कर लागत नाही" असं जे सगळे सांगतात, ते म्हणून अर्धंच खरं आहे. क्रेडिट मिळतं. पण दोन राज्यांपैकी ज्याचा कर जास्त, तो तुमच्या वाट्याला येतो. भारतातल्या व्याजावर कापलेल्या टीडीएसचं तर जर्सी काहीच सोडत नाही. फेडरलमध्ये परदेशी कराचं क्रेडिट आहे, जर्सीत ते फक्त दुसऱ्या राज्यांच्या आणि तिथल्या स्थानिक करांचं. एनआरओ ठेवी (एनआरआयच्या भारतातल्या कमाईचं खातं) असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता मला खरं बोचतं ते सांगते. वरच्या उदाहरणात घरून काम केलेले ८१ दिवस खरोखर जर्सीचे धरले असते तर? न्यू यॉर्कचे दिवस १३५, पगार ७५,०००, घराच्या उत्पन्नाचा ३७.५ टक्के. न्यू यॉर्कचा कर ४,०५०. जर्सीचं क्रेडिट ३,२२५, जर्सीला देणं ५,३७५. एकूण ९,४२५. घराला फरक पडला ४९५ डॉलरचा. म्हणजे या नियमाने आपलं नुकसान आहे, पण पाचशेच्या आतलं. न्यू यॉर्कने मात्र २,४३० डॉलर जास्त घेतले, आणि जर्सीच्या तिजोरीत १,९३५ डॉलर कमी गेले.

जर्सीचा प्राप्तिकर १९७६ मध्ये आला तोच मुळी शाळांच्या खर्चापायी. घरपट्टीवर शाळा चालवायच्या तर श्रीमंत गावांच्या शाळा बऱ्या आणि गरीब गावांच्या वाईट, हा वाद न्यायालयात गेला होता. राज्याच्या घटनेनुसार या कराचा पैसा घरपट्टी हलकी करण्यासाठीच वापरावा लागतो आणि शाळांना जाणारी राज्याची मदत त्यातूनच येते. घरून काम करते त्या दिवशी माझ्या दारातला बर्फ आमची टाउनशिप उचलते, रस्ता तिचा, शाळेची बस तिची, आग लागली तर बंब तिचा. त्या दिवसाचा कर मात्र ऑल्बनीला, न्यू यॉर्क राज्याच्या राजधानीला, जातो. एडिसनची घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला ती किती जड आहे हे माहीत आहे. एकेका घराचे १,९३५ हा आकडा छोटा वाटेल, पण एडिसन, मेट्रोपार्क, प्रिन्स्टन जंक्शनच्या फलाटांवर सकाळी उभी असलेली माणसं डोळ्यांपुढे आणा.

या नियमाशी लोक भांडले आहेत. कार्डोझो लॉ स्कूलचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की कनेक्टिकटला राहतात. काही दिवस मॅनहॅटनला शिकवायचे, काही दिवस घरी बसून लिहायचे. घरच्या दिवसांवरच्या कराविरुद्ध ते न्यू यॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले. कोविडमध्ये तर त्यांचं कॉलेजच बंद होतं, घरून शिकवण्याला पर्याय नव्हता. तेव्हाच्या करासाठी ते पुन्हा उभे राहिले, २०२३ मध्ये पुन्हा निकाल विरुद्ध गेला. कोविडकाळातल्या अशाच एका नियमावरून न्यू हॅम्पशायरने मॅसॅच्युसेट्सला थेट सर्वोच्च न्यायालयात खेचलं, न्यू जर्सीनेही पाठिंबा दिला, पण जून २०२१ मध्ये न्यायालयाने ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला. शेवटी जुलै २०२३ मध्ये जर्सीने स्वतःचा कायदा केला. ज्या राज्यांत असा नियम आहे, तिथल्या रहिवाशांना जर्सीही तोच नियम लावेल. आणि जर्सीचा जो रहिवासी दुसऱ्या राज्याशी भांडून कर परत मिळवेल, त्याला काही वर्षांच्या करापुरता जर्सी आपल्याकडून वाढीव करातला निम्मा हिस्सा क्रेडिट म्हणून देईल. राज्य आपल्या नागरिकाला सांगतं की तू लढ, आम्ही मागे आहोत. पण वकील लावून वर्षानुवर्षं लढायचं बळ किती नोकरदारांकडे असतं? हा प्रश्न दोन राज्यांनी, नाहीतर वॉशिंग्टनच्या काँग्रेसने बसून सोडवायचा आहे. पेनसिल्व्हेनियाशी करार १९७७ पासून नांदतो आहे, मग न्यू यॉर्कशी का नाही, हे आपण आपल्या असेंब्ली सदस्याला विचारायला हवं. ग्रीन कार्डवाल्याने पत्र लिहिलं तरी चालतं, मताचा हक्क लागत नाही.

तोपर्यंत फॉर्म भरायचे आहेत. पैशांची तजवीज वर्षभर करावी, म्हणजे एप्रिलमध्ये दणका बसत नाही. माझ्या पगारातून न्यू यॉर्कचा कर कापला जातो. कामाचा काही भाग न्यू यॉर्कबाहेर होणार हे वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत असेल, तर आयटी-२१०४.१ हा फॉर्म ऑफिसला देऊन कपात त्या प्रमाणात करून घेता येते. जर्सीकडे मात्र दर वर्षी देणं निघतं, कारण नवऱ्याच्या पगारातून कापताना त्याच्या ऑफिसला माझा पगार माहीतच नसतो. देणं ४०० डॉलरपेक्षा जास्त होणार असेल, तर जर्सी तिमाही हप्ते मागते, नाही भरले तर व्याज लावते. आम्ही हप्त्यांऐवजी नवऱ्याच्या एनजे-डब्ल्यू४ फॉर्मवर दर पगारामागे थोडी जास्त कपात सांगून ठेवली. हे सोपं पडतं.

दोन्ही रिटर्न एकाच दिवशी पाठवावीत, १५ एप्रिलच्या आत. पाठवण्याआधी न्यू यॉर्कच्या रिटर्नवरचा कर आणि जर्सीच्या सीओजे शेड्यूलवरचा "दुसऱ्या राज्याला दिलेला कर" हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. ते जुळलेच पाहिजेत. न्यू यॉर्कच्या रिटर्नची पूर्ण प्रत जर्सीच्या फायलीत लावून ठेवावी. पुढे न्यू यॉर्कने तुमचे बाहेरचे दिवस अमान्य केले आणि कर वाढवला, तर त्या वर्षाचं क्रेडिटही वाढतं, पण ते आपोआप मिळत नाही. एनजे-१०४०-एक्स भरून मागावं लागतं. त्यासाठी न्यू यॉर्कचं पत्र, भरलेल्या पैशांची पावती आणि कॅलेंडरची ती पानं निदान तीन वर्षं तरी फेकू नका.